‘अमिग्डला’ला मराठीत काय म्हणायचं?

एका भाषांतरकार ताईंचं पत्र आलंय, ते असं (थोडं आटोपशीर केलंय):

‘मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते. सध्या हातात एक पुस्तिका आहे, कामाच्या ठिकाणी राग कसा आवरावा या विषयावरची. तिच्यात पानोपानी अमिग्डला, म्हणजे मेंदूतला एक छोटासा भाग. कुठे “द अमिग्डला”, कुठे “अमिग्डली”, कुठे “अमिग्डलर”. “अमिग्डला हायजॅक” किती वेळा आलंय ते मोजणं मी सोडून दिलं. आधी “बदामपिंड” लिहिलं, मग खोडून “भयकेंद्र” केलं. संपादक म्हणतात, भयकेंद्रच ठेवा, वाचकाला पटकन कळतं. माझं मन घेत नाही. शिवाय उच्चार काय? अमिग्डला, अमायग्डाला की अमिगडाला? तो, ती की ते? घरची तर वेगळीच गंमत. माझ्या मुलानं पहिलं प्रकरण वाचलं. परवा भांडणात दार आपटून गेला आणि परत आल्यावर म्हणतो, “आई, मी नाही आपटलं, माझ्या अमिग्डलानं आपटलं.” याला काय उत्तर द्यावं?’

ताई, आधी ‘भयकेंद्र’ खोडा. त्यासाठी संपादकांशी वाद घालावा लागला तरी घाला. बाकी सगळ्या बाबतीत तडजोड चालेल.

हे ठेच लागल्यावरचं शहाणपण आहे. काही वर्षांपूर्वी आरोग्यावरच्या एका लेखाचं भाषांतर करताना मीही मोठ्या ऐटीत ‘भयकेंद्र’ लिहिलं होतं. मजकूर तपासायला एका मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेला. परत आला तेव्हा त्या शब्दाभोवती पेन्सिलीचं वर्तुळ आणि समासात दोनच शब्द: ‘कुणी ठरवलं?’ मी फोन केला. फोनवर समजावत बसण्यापेक्षा त्यांनी मला शरीररचना विभागातच बोलावून घेतलं. फॉर्मालिनच्या वासानं डोळे चुरचुरत होते. पांढऱ्या ट्रेमध्ये मेंदूचे काप ओळीनं मांडलेले, कपाळाकडून मानेकडे एकामागोमाग एक. एका कापाच्या खालच्या, आतल्या अंगाला त्यांनी चिमट्याचं टोक टेकवलं आणि म्हणाले, ‘हा तुमचा अमिग्डला.’ मला दिसला तो अंगठ्याच्या नखाएवढा करडा ठिपका. तो कुठे संपतो आणि शेजारचा भाग कुठे सुरू होतो तेही धड सांगता येईना. ‘यात बदाम कुठाय?’ मी विचारलं. ‘ज्यानं नाव ठेवलं त्याला विचारा,’ ते म्हणाले.

नाव ठेवणारे गृहस्थ कार्ल फ्रीडरिश बुर्डाख, १९व्या शतकाच्या सुरुवातीचे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ. कानशिलाच्या आत, मेंदूच्या ज्या भागाला इंग्रजीत टेम्पोरल लोब म्हणतात, त्याच्या पोटात त्यांना करड्या द्रव्याचा एक गोळा दिसला. एका बाजूला फुगीर, दुसरीकडे निमुळता. सोललेला बदाम तळहातावर आडवा ठेवून पाहिलात तर त्यांना काय आठवलं असेल ते कळेल. जर्मनमध्ये त्याला आजही मांडेलकेर्न म्हणतात, म्हणजे बदामाचा गर. अमिग्डला हा मूळ ग्रीक शब्द, लॅटिनमधून आलेला, आणि त्याचाही अर्थ बदामच. इंग्रजीतला ‘आमंड’ त्याच शब्दाचा झिजून झिजून बदललेला वंशज आहे. म्हणजे इंग्रजी माणूस बदामाला आमंड म्हणतो आणि मेंदूतल्या बदामाला त्याच शब्दाच्या पणजीच्या नावानं हाक मारतो.

यात एक मेख आहे. बुर्डाख यांना बदामासारखा दिसलेला गोळा म्हणजे आज आपण ज्याला अमिग्डला म्हणतो त्याचा एक हिस्सा. पुढच्या संशोधकांनी आजूबाजूचे आणखी पुंजके त्याला जोडले. आता त्या एका नावाखाली चेतापेशींचे डझनभर पुंजके येतात आणि त्यांची कामंही एक नाहीत. काहींना गंधाची बातमी येते. काही, समोर दिसतंय-ऐकू येतंय ते महत्त्वाचं आहे का, हे जोखण्यात भाग घेतात. काहींचे धागे थेट खाली जातात, हृदयाचे ठोके आणि श्वास वाढवणाऱ्या यंत्रणांकडे. एवढ्या वेगवेगळ्या पुंजक्यांना एक नाव द्यावं तरी का, असा प्रश्न लॅरी स्वॉन्सन आणि गोरिका पेट्रोविच या दोन संशोधकांनी १९९८मध्ये उघडपणे विचारला होता. नाव टिकलं, कारण ते रुळलं होतं. भाषेत असं नेहमीच होतं.

तेव्हा तुमच्या मूळ शंकेचं उत्तर असं, की अमिग्डला हे आकाराचं नाव आहे, कामाचं नाही. आणि तो एकटाच तसा नाही. जुन्या शरीररचनाकारांना मेंदूतला कुठला भाग काय करतो ते माहीत नव्हतं. जे दिसलं त्यावरून नावं ठेवली. कॉर्टेक्स म्हणजे झाडाची साल, पॉन्स म्हणजे पूल, इन्सुला म्हणजे बेट, थॅलमस म्हणजे आतली खोली. अमिग्डलाचा सख्खा शेजारी हिप्पोकॅम्पस, तो समुद्रघोडा. १५८७ साली इटलीच्या आरांझी यांनी हे नाव दिलं तेव्हा त्यांचंही मन डळमळत होतं, समुद्रघोडा म्हणावं की रेशमाचा किडा! किड्यानं बाजी मारली असती तर आज आपण स्मरणशक्तीचा संबंध रेशमाच्या किड्याशी लावत बसलो असतो.

मराठी पाठ्यपुस्तकांतही तेच दिसेल. ‘मस्तिष्कपुच्छ’ म्हणजे मेंदूचं शेपूट. लहान मेंदू, मोठा मेंदू, ही तर नुसती मापं. श्वास मस्तिष्कपुच्छातून चालतो म्हणून त्याला कुणी ‘श्वासकेंद्र’ असं नाव दिलेलं नाही. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला आपण बाहुली म्हणतो, कारण समोरच्याच्या डोळ्यात डोकावलं की आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते. लॅटिनमध्येही त्या ठिपक्याला बाहुलीच म्हणतात, इंग्रजीतला ‘प्युपिल’ तिथूनच आला. ही बाहुली प्रकाश आत घेते म्हणून तिला ‘प्रकाशद्वार’ म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही, हे आपलं नशीब.

आता भयाकडे. अमिग्डलाचा भीतीशी संबंध आहे का? आहे, आणि जवळचा आहे. १९३०च्या दशकाच्या अखेरीस क्ल्यूव्हर आणि ब्यूसी या संशोधकांनी माकडांच्या दोन्ही कानशिलांमागचा मेंदूचा भाग काढला, तेव्हा एरवी बुजणारी माकडं सापालाही हात लावायला पुढे सरसावू लागली. पुढे १९५६मध्ये वाइसक्रांट्झ यांनी दाखवलं की या बदलाच्या मुळाशी अमिग्डला आहे. माणसांमधलं सर्वांत गाजलेलं उदाहरण एका स्त्रीचं. शास्त्रीय लेखांत ती फक्त एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाते. एका अतिशय दुर्मीळ आनुवंशिक आजारात तिचे दोन्ही अमिग्डला निकामी झाले. १९९४मध्ये तिच्याविषयी प्रसिद्ध झालं की समोरच्याच्या चेहऱ्यावरची भीती तिला ओळखता येत नाही. पुढे संशोधकांनी तिला साप-कोळी विकणाऱ्या दुकानात नेलं, तर ती कुतूहलानं साप हातात घेऊन बसली.

इथपर्यंत वाचून कुणालाही वाटेल, मग भयकेंद्र म्हणायला हरकत काय? मलाही तेच वाटलं होतं. पण गोष्ट पुढे आहे, आणि आपण भाषांतरवाल्यांनी ती शेवटपर्यंत ऐकायला हवी. २००५मध्ये लक्षात आलं की एस. एम. चेहरा बघताना समोरच्याच्या डोळ्यांकडे बघतच नाही. ‘डोळ्यांकडे बघा’ एवढं सांगितल्याबरोबर तिला भेदरलेला चेहरा इतरांइतकाच नीट ओळखता आला. सूचना थांबली की पुन्हा पहिल्यासारखं. म्हणजे भीती ‘कळण्याची’ शक्ती गेलेली नव्हती, नजर कुठे न्यायची हे आपोआप सुचणं गेलं होतं. मग २०१३मध्ये आणखी एक प्रयोग. तिला आणि तशाच आजाराच्या जुळ्या बहिणींना मास्कमधून ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा श्वास दिला. अशा हवेनं जीव गुदमरल्यासारखं होतं. अमिग्डला नसलेल्या या तिघी भीतीनं गर्भगळीत झाल्या. ज्याला भयकेंद्र म्हणायचं तेच जागेवर नाही, आणि भय मात्र आलं! बाहेरून दिसणारा धोका आणि शरीराच्या आतून उठणारी घबराट यांच्या वाटा वेगळ्या असाव्यात, असं त्यावरून संशोधक म्हणतात. शिवाय अमिग्डला आवडीच्या, सुखाच्या, नुसत्या नवलाच्या गोष्टींनाही प्रतिसाद देतो. या विषयात हयात घालवलेले जोसेफ लेडू तर सांगत आलेत की धोका टिपणं वेगळं आणि ‘मला भीती वाटतेय’ ही जाणीव वेगळी. पहिल्याला दुसरीचं नाव देऊ नका.

तर ‘कुणी ठरवलं?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. संपादकांकडेही नसेल. वाचकाला शब्द पटकन कळतो हे खरं, पण चुकीचं कळतं.

मग लिहायचं काय? माझं मत: सरळ ‘अमिग्डला’ लिहा. पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात ओळख करून द्या आणि पुढे तोच शब्द चालवा. ‘बदामपिंड’ चूक नाही, पण पिंड म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर काय काय येतं ते तुम्हीच जाणता. ग्लुकोज, हार्मोन, कोलेस्टेरॉल आपण पचवलेच आहेत, हाही पचेल.

उच्चार इंग्रजीतला धरायचा तर जोर ‘मिग्’वर येतो: अ-मिग्-डला. ‘माय’ कुठे नाही आणि ‘डाला’ही लांबवायचा नाही. ‘अमायग्डाला’ हा शब्द छापील अक्षरं वाचून झालेला आहे. तो बोलण्यात रुळलेला असेल तिथे मी कुणाला टोकत नाही, पण लिहिताना टाळतो.

लिंगाचा प्रश्न जास्त मजेदार आहे. लॅटिनमध्ये हा शब्द स्त्रीलिंगी. पण मराठीत आलेल्या शब्दानं माहेरचं लिंग सांभाळलंच पाहिजे असं काही नाही. आकारान्त परका शब्द आपल्याकडे आला की तीन वाटा असतात. कॅमेरासारखा मराठी होऊन गेला तर ‘कॅमेऱ्याचा’. अमेरिकेसारखा स्त्रीलिंगी झाला तर ‘अमेरिकेचा’. आणि कॅनडासारखा पाहुणाच राहिला तर ‘कॅनडाचा’. कॅनड्याचाही नाही, कॅनडेचाही नाही. अमिग्डला सध्या कॅनडाच्या रांगेत आहे. ‘अमिग्डल्याचा’ ऐकून हसू येतं आणि ‘अमिग्डलेचा’ म्हटलं तर ती कुणाची तरी नात वाटते. म्हणून तो अमिग्डला, अमिग्डलाचा, अमिग्डलाला. ‘भाग’ पुल्लिंगी आहे, त्यामुळे कानालाही खटकत नाही. तुमच्या मुलानं ‘माझ्या अमिग्डलानं’ म्हटलं, ते व्याकरणाला धरूनच म्हटलं. तेवढे गुण त्याला द्या.

एकवचन-अनेकवचनानं तुम्हाला उगाच घाबरवलंय. अमिग्डला दोन असतात, डावा आणि उजवा. इंग्रजीत ‘द अमिग्डला’ म्हटलं की बहुतेक वेळा तो भाग सरसकट अभिप्रेत असतो, दोन्ही बाजूंचा मिळून. आपणही ‘माझा डोळा लागला’ म्हणतो तेव्हा दुसरा टक्क उघडा नसतो. तिथे मराठीत एकवचन ठेवा. ‘अमिग्डली’ हे लॅटिन पद्धतीचं अनेकवचन. ‘अमिग्डलाज’ही चालतं, पण शास्त्रीय लिखाणात कमी. मूळ लेखकानं अनेकवचन वापरलं असेल तर त्याला बहुधा दोन्ही बाजूंवर भर द्यायचा असतो, तिथे ‘दोन्ही अमिग्डला’ लिहून मोकळ्या व्हा. ‘अमिग्डलर’ हे विशेषण, ‘अमिग्डलातला’ किंवा ‘अमिग्डलाचा’ एवढ्यानं भागतं. ‘अमिग्डलॉइड’ दिसलं तर मात्र संदर्भ बघा. मेंदूच्या पुस्तकात त्याचा अर्थ तोच, पण भूशास्त्रात तो खडकाला लागतो. लाव्हा थिजताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या पोकळ्या नंतर खनिजांनी भरतात आणि बदाम पेरल्यासारख्या दिसतात, त्या खडकाला. पुस्तिका रागावरची आहे, तुमच्या वाटेला खडक येणार नाही.

दुसरा धोका खरा आहे, कारण हल्ली पहिला खर्डा मशीनकडून करून घ्यायची पद्धत पडलीय. घशातल्या टॉन्सिलनाही जुन्या वैद्यकात बदामच म्हणत. फ्रेंच आणि स्पॅनिशमध्ये टॉन्सिलचं रोजच्या बोलण्यातलं नाव आजही याच शब्दापासून आलेलं आहे. त्यामुळे त्या भाषांतून इंग्रजीत आलेल्या मजकुरात मेंदूचा अमिग्डला घशात आणि घशातला टॉन्सिल मेंदूत जाऊन बसल्याचे नमुने मी पाहिलेत. वर आणखी गोंधळ म्हणजे लहान मेंदूच्या तळाच्या एका भागाला खरोखरच ‘टॉन्सिल’ म्हणतात. एमआरआयच्या रिपोर्टात तो शब्द वाचून लोक घसा तपासून घ्यायला निघतात.

‘लाइट्स अप’ हाही शब्दप्रयोग तुमच्या पुस्तिकेत असणारच. अमिग्डला ‘उजळला’ किंवा ‘पेटला’ लिहू नका. आत दिवा नसतो. एफएमआरआय यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनचा फरक मोजतं आणि त्यावर रंग संगणक चढवतो. ‘अमिग्डलातली हालचाल वाढली’ एवढं पुरे.

राहिलं ‘हायजॅक’. हा शब्दप्रयोग १९९५मध्ये डॅनियल गोलमन यांच्या भावनिक बुद्धिमत्तेवरच्या पुस्तकातून लोकांत पसरला. ही प्रयोगशाळेची परिभाषा नव्हे, लोकांना समजावं म्हणून रंगवलेलं चित्र आहे: विचार करणारा मेंदू वैमानिक, आणि अमिग्डला पिस्तूल घेऊन कॉकपिटमध्ये घुसलेला. समजावून सांगायला चांगलं आहे, मी हिणवत नाही. अडचण एवढीच, की चित्रात अमिग्डला परका, बाहेरून आलेला, खलनायक होतो. खरं तर तो जन्मापासून त्याच विमानात आहे, आणि वैमानिकाशी त्याचं अखंड बोलणं चालू असतं. म्हणून ‘अमिग्डलानं मेंदूचं अपहरण केलं’ असं शब्दशः आणू नका. मराठीत या अवस्थेला शब्दांचा तोटा नाही. भान सुटलं. तोल गेला. डोकं फिरलं. मस्तकात तिडीक गेली. ‘रागाच्या भरात’ तर त्या पुस्तिकेतल्या अर्ध्या हायजॅकांना पुरून उरेल. लेखक त्या संज्ञेचीच ओळख करून देतो त्या एका ठिकाणी ‘अमिग्डला हायजॅक’ अवतरणात ठेवा, पुढे आपलं मराठी चालू द्या.

आणि चिरंजीव. त्यांनी काही नवीन केलेलं नाही. पूर्वी लोक ‘पित्त खवळलं’ म्हणायचे, आणि कुणी पित्ताला जबाबदार धरून सोडून देत नव्हतं. पण तुमच्या घरात भाषेचंच काम चालतं, तर व्याकरणातूनच उत्तर द्या. मराठीत ‘मी राग केला’पेक्षा ‘मला राग आला’ हे जास्त सहज येतं. राग येतो, भीती वाटते, हसू फुटतं: या सगळ्यात ‘मला’ आहे. त्या येण्यात अमिग्डलाचा वाटा असेल, तो त्याला खुशाल देऊ द्या. पण दाराच्या वाक्यात ‘मला दार आपटलं’ असं कुणी म्हणत नाही. तिथे ‘मी’ लागतो. त्याला म्हणावं, पहिल्या वाक्यात हवं त्याचं नाव घाल, दुसऱ्यातला कर्ता बदलून मिळणार नाही. बिजागरी निखळली असेल तर ती बसवून द्यायलाही त्यालाच सांगा.

पहिल्या उल्लेखापाशी घालायला मी असं वाक्य करून ठेवलंय, आवडलं तर घ्या: ‘दोन्ही कानशिलांच्या आत, मेंदूत खोलवर बदामाएवढा एकेक भाग असतो, त्याला अमिग्डला म्हणतात; समोरची गोष्ट आपल्या दृष्टीनं धोक्याची किंवा महत्त्वाची आहे का, हे झटकन जोखण्यात त्याचा मोठा वाटा असतो.’ ‘वाटा’ हा शब्द संपादकांनी कापला तर पुन्हा घाला. आणि छपाईला देण्याआधी सगळ्या मजकुरात ‘टॉन्सिल’ एकदा शोधून बघा.